शंटिंगला एवढं अवजड इंजिन कशाला?

प्रश्न : माझं बालपण भुसावळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये गेलं. यार्डातलं शंटिंगचं इंजिन म्हटलं की मुख्य मार्गावरून उतरवलेलं, जुनं, धापा टाकणारं इंजिनच डोळ्यांपुढे येतं. अलीकडे वाचनात आलं की, इंग्लंड-अमेरिकेत फक्त यार्डात राबणारी, पण मेल-एक्स्प्रेसच्या इंजिनांच्या तोडीची अवजड वाफेची इंजिनं होती. जेमतेम माणसाच्या चालीने चालणाऱ्या इंजिनाला एवढं वजन कशासाठी लागायचं? आणि ती इतकी थोडी का होती?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : भुसावळला तुम्ही जे पाहिलंत तो जगात पुष्कळ ठिकाणचा रिवाज होता. यार्डासाठी मुद्दाम नवं अवजड इंजिन बांधून घ्यायला रेल्वे सहसा धजत नसत. आधी मेल ओढायची, मग मालगाड्या ओढायच्या आणि उमेद सरली की यार्डात यायचं, हा वाफेच्या इंजिनाचा ठरलेला प्रवास. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ठरलेल्या नमुन्यांची एसजीएस आणि एचजीएस इंजिनं म्हातारपणी अशीच वर्षानुवर्षं यार्डांत राबली. ज्याची किंमत केव्हाच वसूल झाली आहे त्याच्याकडून निघेल तेवढं काम काढून घ्यायचं, असा तो सरळ हिशोब होता.

काही मोजक्या यार्डांत मात्र हा हिशोब जमेना. तिथे म्हाताऱ्या इंजिनांची दमछाक व्हायला लागली, गाड्या तुंबायला लागल्या, आणि मुद्दाम त्या यार्डासाठीच अवजड इंजिन घडवावं लागलं. तुम्ही विचारलेली इंजिनं ती ही.

आधी वजनाचं पाहू. एक्स्प्रेसच्या इंजिनाला तासन्‌तास अखंड वाफ लागते, म्हणून त्याला मोठा बॉयलर आणि ऐसपैस भट्टी हवी. यार्डातल्या इंजिनाला वाफ थोडाच वेळ लागते, पण त्या वेळात जोर दांडगा लागतो. भरलेली, थंड पडलेली मालगाडी जागची हलवायची असते. सिलिंडर मोठे केले की जोर मिळतो, पण तो रुळांपर्यंत पोचला पाहिजे. शेवाळलेल्या फरशीवर उभं राहून कपाट ढकलायला गेलं की अंगात कितीही ताकद असली तरी पाय सरकतात. इंजिनाच्या चाकांचंही तसंच. कोरड्या रुळावर, ओढणाऱ्या चाकांवर जेवढं वजन असतं त्याच्या साधारण पाव हिस्सा एवढाच जोर कामी येतो. पाऊस पडलेला असेल, रुळावर तेल सांडलेलं असेल किंवा कोळशाची पूड बसलेली असेल, तर त्याहूनही कमी. म्हणजे २५ टनांचा जोर हवा असेल तर ओढणाऱ्या चाकांवर १०० टन वजन हवंच.

इंजिनाच्या सगळ्या चाकांना सिलिंडरचा जोर मिळत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. पुढची छोटी चाकं वळणावर वाट दाखवायला असतात, मागची भट्टीचं ओझं पेलायला. मधली, एकमेकांना दांड्यांनी जोडलेली मोठी चाकं तेवढी ओढतात. रेल्वेवाले हे तीन आकड्यांत सांगतात : ०-८-४ म्हणजे पुढे वाटाडी चाकं नाहीत, मध्ये आठ ओढणारी, मागे चार. यार्डात वेग नसतो, त्यामुळे वाटाड्या चाकांची गरज उरत नाही. वाफ थोडा वेळच लागते, त्यामुळे भट्टी लहान चालते आणि मागची चाकंही काढून टाकता येतात. इंजिनाचं सगळं वजन ओढण्याच्या कामी येतं. म्हणून जगभरच्या शंटिंग इंजिनांच्या आकड्यांत दोन्हीकडे शून्यं दिसतात : ०-६-०, ०-८-०.

वजनाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मला जोराइतकाच महत्त्वाचा वाटतो. यार्डात वाघिणींच्या ब्रेकच्या नळ्या बहुधा जोडत नाहीत. दर दोन मिनिटांनी जोडायच्या-सोडायच्या तर काम व्हायचं कधी? त्यामुळे चाळीस-पन्नास भरलेल्या वाघिणींचा लोंढा थांबवायचा तो एकट्या इंजिनाच्या ब्रेकने. हलकं इंजिन अशा वेळी चाकं आवळूनही घसरत पुढे जातं, कारण मागचं ओझं त्याला रेटत असतं. शंटिंगच्या ड्रायव्हरला गाडी हलेल की नाही यापेक्षा ती थांबेल की नाही, याचा घोर जास्त असायचा.

आता प्रत्यक्ष एका यार्डात जाऊ. इंग्लंडच्या दक्षिण यॉर्कशरमध्ये वाथ नावाचं गाव आहे. आजूबाजूला कोळशाच्या खाणीच खाणी. प्रत्येक खाणीतून भरलेल्या वाघिणी निघायच्या, आणि एकाच रांगेत दहा ठिकाणी जाणारा माल असायचा. तो निवडून गावागणिक गाड्या लावण्यासाठी ग्रेट सेंट्रल रेल्वेने १९०७ साली तिथे मोठं यार्ड उघडलं. निवडायची रीत उताराची होती. रुळांचं एक टेकाड बांधायचं, त्याला हंप म्हणतात. इंजिनाने मागून ढकलत अख्खी गाडी त्या टेकाडावर चढवायची. माथ्यावर उभा असलेला माणूस लांब दांड्याच्या आकड्याने कपलिंग सोडवतो. सुटलेली वाघीण पलीकडच्या उतारावरून आपसूक घरंगळत जाते. केबिनमधला सांधेवाला सांधे फिरवून तिला हव्या त्या रुळावर घालतो, आणि खाली दुसरा माणूस तिच्याबरोबर धावत, दांड्याने ब्रेकची पट्टी दाबून तिला आवरतो.

यात इंजिनाची कसोटी कुठे लागते ते पाहा. चढावर गाडी थांबून चालत नाही. धावूनही चालत नाही. गाडीने झपकन पुढे मुसंडी मारली तर माथ्यावरच्या माणसाला कपलिंग सोडवायला सवड मिळत नाही, दोन वाघिणी एकदम सुटतात आणि खालचा सांधा फिरायच्या आत दुसरी पहिलीच्या मागे चुकीच्या रुळावर जाते. चाकं घसरून गाडी थबकली तर कपलिंग ताणलं जातं आणि सुटतच नाही. तेव्हा तासाला दोन-तीन मैलांची एकच चाल, पहिली वाघीण सुटल्यापासून शेवटची सुटेपर्यंत. दर वाघिणीगणिक ओझं कमी होत जाणार, त्या मानाने ड्रायव्हरने वाफही कमी करत न्यायची. पावसाळी रात्री, समोरचं काही दिसत नसताना, केवळ सिग्नलच्या दिव्यावर आणि हाताखालच्या लोखंडाच्या थरथरीवर हे साधायचं. एक्स्प्रेसचा ड्रायव्हर वर्तमानपत्रात झळकायचा. हंपवरच्या ड्रायव्हरच्या कौशल्याची दखल यार्डाबाहेर कोणी घेतली नाही, याचं मला वाईट वाटतं.

वाथसाठी ग्रेट सेंट्रलचे मुख्य यांत्रिकी अभियंते जे. जी. रॉबिन्सन यांनी ०-८-४ जातीचं टँक इंजिन आखलं. पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर, वेगळा टेंडर नाही. म्हणजे तेही वजन थोडंफार चाकांवर पडतं, आणि इंजिन पुढे-मागे सारख्याच सोयीने चालतं. मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्याने १९०७-०८ मध्ये अशी चार इंजिनं बांधली, प्रत्येकी शंभर टनांच्या आसपास. त्यांची खरी करामत मात्र वजनात नाही, तिसऱ्या सिलिंडरमध्ये आहे. नेहमीच्या इंजिनाला दोन सिलिंडर असतात आणि चाकाच्या एका फेऱ्यात चार हिसके बसतात. दोन हिसक्यांच्या मध्ये जोर उतरतो, मग पुन्हा उसळतो. वेगात हे जाणवत नाही. माणसाच्या चालीने चढ चढताना मात्र प्रत्येक उसळीला चाक घसरायला बघतं. तीन सिलिंडर समान अंतराने लावले की फेऱ्यात सहा हिसके बसतात, जोर सपाट वाहतो आणि तेवढ्याच वजनात जास्त ओढता येतं. तिथल्या कामगारांनी या धुडांना ‘डेझी’ असं लाडकं नाव दिलं. १९३२ साली, म्हणजे पाव शतकानंतर, त्याच नमुन्याची आणखी दोन बांधली गेली. एकूण सहा. एवढीच त्यांची वंशावळ.

वाथहून मँचेस्टरकडे निघणाऱ्या कोळशाच्या गाड्यांना पुढे वर्सबरोचा चढ लागायचा, चाळीस फुटांना एक फूट असा. त्यासाठी त्याच बायर पीकॉकने १९२५ मध्ये एकच एक गॅरेट इंजिन बांधलं : दोन इंजिनांच्या चाकांवर मिळून एक बॉयलर, सोळा ओढणारी चाकं. ब्रिटनमधलं सर्वांत जोरकस वाफेचं इंजिन ते हेच, आणि त्याचं बहुतेक आयुष्य दोन-तीन मैलांच्या एका चढावर गाड्यांना मागून रेटण्यात गेलं. ते शंटिंगचं इंजिन नव्हतं, तरी जात तीच, एका जागेसाठी घडवलेली. गॅरेट म्हटल्यावर आपल्याकडच्या काही वाचकांना बंगाल नागपूर रेल्वेची इंजिनं आठवतील. तीही याच कारखान्याची. त्यांतलं १९२९ च्या सुमाराचं एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभं आहे.

आता अमेरिकेत जाऊ, कारण तुमच्या प्रश्नातलं खरं धूड तिथलं आहे. पिट्सबर्गच्या भोवती, मोनोंगहेला नदीच्या खोऱ्यात, पोलादाचे कारखाने एकाला एक लागून होते : ब्रॅडॉक, होमस्टेड, डुकेन. त्यांना जोडणारी युनियन रेलरोड ही जेमतेम काही मैलांची रेल्वे, त्या काळी युनायटेड स्टेट्स स्टील या कंपनीच्या मालकीची. तिच्यावर प्रवासी नाहीत, लांबचा पल्ला नाही. पण मालाचं वजन असं की भल्याभल्या मुख्य मार्गांनी हात टेकावेत. उत्तरेला मिनेसोटामध्ये लोहखनिज खणायचं, सुपीरियर सरोवराच्या काठी डुलुथच्या धक्क्यावर जहाजात भरायचं, सरोवरांतून ईरी सरोवराच्या काठच्या कॉनिऑट बंदरात उतरवायचं, तिथून बेसेमर अँड लेक ईरी रेल्वेने नॉर्थ बेसेमरपर्यंत आणायचं आणि तिथे युनियन रेलरोडच्या हवाली करायचं. पुढचे शेवटचे काही मैल, चढउतारांचे, वळणांचे, भट्ट्यांच्या तोंडापर्यंतचे, हे युनियन रेलरोडचं काम. याला धड शंटिंगही म्हणता येत नाही, धड मालगाडीही म्हणता येत नाही. यार्डातून यार्डात अख्ख्या गाड्या सारायच्या.

या कामासाठी १९३६ ते १९३९ या काळात बाल्डविन कारखान्याने नऊ इंजिनं बांधून दिली. जात ०-१०-२. ओढणारी चाकं दहा, म्हणजे पाच आस, आणि भट्टीखाली मागे एक जोडी. पुढे वाटाडी चाकं नाहीत. ही मांडणी अमेरिकेतही इतकी अनोळखी होती की तिला या रेल्वेवरूनच ‘युनियन’ असं नाव पडलं. अशी मांडणी का केली असेल? चढावर गाडी सतत रेटायची म्हणून भट्टी मोठी हवी, तेव्हा मागची चाकं आली. पण पुढेही चाकं जोडली तर इंजिनाची लांबी वाढते आणि ते त्यांच्या शेडमधल्या टर्नटेबलवर मावत नाही. म्हणजे पोलादाच्या अवाढव्य उद्योगाने मागितलेलं इंजिन, आणि त्याचा आकार ठरवला इंजिन फिरवायच्या चकतीने. मला या यंत्रांमधलं हेच सगळ्यांत जास्त आवडतं : त्यांच्या अंगावर त्यांच्या यार्डाची मापं उमटलेली दिसतात.

आकडे सांगतो. टेंडर सोडून नुसत्या इंजिनाचं वजन सुमारे १८३ टन, त्यातलं १५६ टन दहा ओढणाऱ्या चाकांवर. म्हणजे एकेका आसावर ३१ टनांहून जास्त. आपल्याकडच्या मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूजी इंजिनाच्या आसावर साडेअठरा टन असायचे. सिलिंडरचा जोर सुमारे ४१ टन; डब्ल्यूजीचा साडेसतरा. गंमत म्हणजे दोघांच्या ओढणाऱ्या चाकांचा व्यास जवळजवळ सारखा, पाच फुटांच्या जरा वर. एवढ्यावरही भागलं नाही म्हणून टेंडरच्या चाकांना बूस्टर बसवला. बूस्टर म्हणजे छोटं दोन सिलिंडरचं जास्तीचं वाफेचं यंत्र, दातेरी चाकाने आसाला जोडलेलं. गाडी हलवताना ते जोडायचं आणि चाल घेतली की सोडवायचं. त्याने आणखी पावणेआठ टनांची भर पडायची. सुरुवातीला ड्रायव्हरच्या हाताशी एकूण ४९ टन जोर असे. टेंडरवरच्या बूस्टरची एक खोड होती. पाणी-कोळसा संपत आला की टेंडर हलका होतो आणि बूस्टरची चाकं घसरायला लागतात. म्हणजे पाळीच्या सुरुवातीला जो जोर मिळतो तो शेवटी मिळत नाही, हे ड्रायव्हरने ध्यानात ठेवायचं.

१९४९ मध्ये युनियन रेलरोडने डिझेल इंजिनं आणली आणि ही नऊही इंजिनं विकली गेली, ती डुलुथ, मिसाबी अँड आयर्न रेंज या रेल्वेला. नाव नीट वाचा. जे खनिज ही इंजिनं तेरा वर्षं भट्ट्यांच्या दारी पोचवत होती, तेच खनिज जिथून निघतं त्या टोकाला ती जाऊन पोचली. मालक तोच पोलाद उद्योग, माल तोच, फक्त साखळीचं दुसरं टोक. यार्डासाठी घडवलेल्या इंजिनांना सहसा दुसरं घर मिळत नाही. यांना मिळालं, कारण एवढं वजन पेलतील असे रूळ आणि एवढं वजन लागेल असा माल दोन्ही तिथे होते.

अमेरिकेतलं आणखी एकच उदाहरण देतो. शिकागोला वळसा घालणाऱ्या इंडियाना हार्बर बेल्ट रेल्वेच्या गिब्सन यार्डात १९२४ साली रुळांलगत यांत्रिक ब्रेक बसवले, उतारावरून येणाऱ्या वाघिणीची चाकं दोन्ही बाजूंनी आवळणारे. हंपवरचा हा जगातला पहिला मोठा प्रयोग. वाघिणीबरोबर धावणाऱ्या किंवा तिच्यावर चढून हातब्रेक फिरवणाऱ्या माणसांचे हातपाय त्याने वाचवले. पण वाघिणी झपाट्याने निवडल्या जाऊ लागल्यावर ढकलणारं इंजिन मागे पडायला लागलं. म्हणून १९२७ मध्ये आल्को कारखान्याकडून तीन सिलिंडरची, टेंडरवर बूस्टर असलेली तीन ०-८-० इंजिनं घेतली. त्या मांडणीची एवढी अवजड इंजिनं पुन्हा झाली नाहीत.

मग ती थोडी का, हा तुमचा दुसरा प्रश्न. हॅम्बुर्ग बंदराचं उदाहरण बघा. तिथले रूळ १०० मीटर त्रिज्येची वळणं घेत गोदामांमधून जातात, आणि जोर मात्र पाच आसांचा हवा. पाच आस एका सरळ चौकटीत बसवले तर एवढ्या वळणावर चाकं रुळावरून उतरणार किंवा रूळच उखडणार. जर्मन रेल्वेने १९२७-२८ मध्ये सोळा इंजिनांवर एक हुशार तोड काढली : पहिला आणि शेवटचा आस दांड्याने न जोडता दातेरी चाकांनी फिरवायचा, म्हणजे त्यांना वळणावर हलायला मोकळीक राहते. इंजिनं वळली. पण दाते झिजायचे, दुरुस्तीचा खर्च भागेना. पन्नासच्या दशकात नव्या ८२ वर्गाच्या इंजिनांनी त्यांची जागा घेतली. त्यांत जवळजवळचे आस तरफेने जोडलेले होते, एक डावीकडे सरला की दुसरा उजवीकडे. तीही ४१ वर थांबली.

याचं सार असं की, अवजड शंटिंग इंजिनाला एकाच वेळी चार गोष्टी जुळून याव्या लागत. माल एवढा जड की साधं इंजिन पुरत नाही. वळणं अशी की लांब इंजिन चालतं. रूळ आणि पूल असे की आसावरचं वजन सोसतात. आणि मालक असा की जुनी इंजिनं फुकटात मिळत असतानाही नव्यावर पैसा घालायला तयार आहे. पेनसिल्वेनिया रेलरोडने १९२५ ते १९२७ दरम्यान नव्वद मोठी ०-८-० इंजिनं बांधून पाहिली, इंडियाना हार्बरच्या इंजिनांएवढाच जोर केवळ दोन सिलिंडरांतून काढणारी. पण त्या रेल्वेच्या यार्डांत शेवटपर्यंत भिस्त राहिली ती छोट्या ०-६-० वर आणि मालगाड्यांवरून उतरवलेल्या जुन्या २-८-० वर. माझं मत विचाराल तर तो निर्णय बरोबर होता. बहुतेक यार्डांना बळापेक्षा चपळाई जास्त लागते. वाथ, पिट्सबर्ग, गिब्सन इथे बळाला पर्याय नव्हता, एवढंच.

प्रश्न : डिझेल आल्यावर शंटिंगची वाफेची इंजिनं सर्वांत आधी गेली की सर्वांत शेवटी?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : सर्वांत आधी. अमेरिकेत व्यापारी वापरात आलेलं पहिलं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन १९२५ चं, सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचं क्रमांक १०००, आणि ते न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या यार्डात शंटिंगलाच लागलं. शहरात धुराच्या इंजिनांवर निर्बंध आले होते, हे एक कारण. दुसरं कारण वाफेच्या स्वभावात आहे. शंटिंगचं इंजिन पाळीतला बराच वेळ नुसतं उभं असतं, पण भट्टी पेटती ठेवावीच लागते. उभ्या उभ्या कोळसा जळतो, वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून उडून जाते. मग राख काढा, पाणी भरा, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुवा. डिझेल बटणावर सुरू होतं आणि दिवसाचे जवळजवळ चोवीस तास कामाला मिळतं. त्याच्या सगळ्या आसांना विजेच्या मोटारी असल्यामुळे जोर हिसक्यांनी येत नाही, अखंड येतो. रॉबिन्सनने तीन सिलिंडर लावून जे साधलं ते इथे आपोआप होतं. ज्या १९३९ मध्ये युनियनची शेवटची ०-१०-२ इंजिनं कारखान्यातून बाहेर पडली त्याच वर्षी जनरल मोटर्सने एनडब्ल्यू-२ नावाचं हजार अश्वशक्तीचं शंटिंग डिझेल बाजारात आणलं. वजन ११२ टन, आणि गाडी हलवतानाचा जोर सुमारे २८ टन. अशी दोन इंजिनं जोडली की काम भागलं, आणि काम हलकं असलं की एकच वापरता आलं. अवजड वाफेच्या इंजिनाला ही लवचिकता कधीच जमणार नव्हती. आपल्याकडेही १९४४-४५ मध्ये अमेरिकेहून शंटिंगची डिझेल आली, तीच डब्ल्यूडीएस-१.

एक रेल्वे मात्र अडून बसली. व्हर्जिनियाची नॉरफोक अँड वेस्टर्न. तिचा मुख्य धंदा कोळसा वाहण्याचा होता, कोळसेवाले तिचे गिऱ्हाईक, आणि रोआनोकमध्ये स्वतःचा इंजिनं बांधायचा कारखाना. १९५० मध्ये शेजारच्या चेसापीक अँड ओहायो रेल्वेने दोनच वर्षं वापरलेली तीस ०-८-० इंजिनं विकायला काढली, ती नॉरफोकने घेतली. ती इतकी पसंत पडली की त्याच नमुन्यावर १९५१ ते १९५३ मध्ये स्वतःच्या कारखान्यात आणखी पंचेचाळीस बांधली. त्यांतलं शेवटचं, क्रमांक २४४, डिसेंबर १९५३ मध्ये बाहेर पडलं. अमेरिकेतल्या मोठ्या रेल्वेसाठी देशातच बांधलेलं ते शेवटचं वाफेचं इंजिन. सगळ्यांत आधी हार पत्करलेल्या यार्डासाठीच ते बांधलं गेलं. १९६० मध्ये नॉरफोकनेही वाफ सोडली.

प्रश्न : यांतली कुठली आज पाहायला मिळतात?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुम्ही न्यू जर्सीत आहात तर शेजारच्याच राज्यात जावं लागेल. नऊ ०-१०-२ पैकी एकच वाचलं, ते पेनसिल्वेनियातल्या ग्रीनव्हिल गावच्या रेलरोड पार्कमध्ये, डुलुथच्या क्रमांक ६०४ सह उभं आहे. ज्या बेसेमर रेल्वेने खनिज आणलं त्याच रेल्वेच्या वाटेवर. टेंडरपाशी उभं राहून मागची चाकं आधी बघा, मग पुढे जा. वाटाडी चाकं नसल्यामुळे पुढची बाजू कशी एकदम संपते ते लगेच डोळ्यांत भरतं. न्यू जर्सीचं डिझेल क्रमांक १००० बाल्टिमोरच्या रेल्वे संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये वाथच्या इंजिनांपैकी एकही उरलं नाही, वर्सबरोचं गॅरेटही भंगारात गेलं. पण कोळशाच्या खाणीत शंटिंग करणारं १९३७ चं छोटं गॅरेट, ‘विल्यम फ्रान्सिस’, नॉरफोक परगण्यातल्या ब्रेसिंगहॅमच्या संग्रहालयात पाहता येतं. जर्मनीच्या ८२ वर्गातलं आठव्या क्रमांकाचं इंजिनही जपलेलं आहे.

जाता जाता वाचकांना एक विनंती. भुसावळ, मनमाड, दौंड, वाडीबंदर इथल्या यार्डांत वाफेच्या दिवसांत शंटर, फायरमन, सांधेवाले, शंटिंग जमादार म्हणून काम केलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. तुमच्या घरात किंवा शेजारी असं कोणी असेल तर त्यांच्याशी बोला. कुठल्या वर्गाचं इंजिन कुठल्या पाळीला असायचं, हातातल्या दिव्याच्या खुणा कुठल्या होत्या, कपलिंग सोडवताना माणूस कुठे उभा राहायचा, हे सगळं त्यांच्याच शब्दांत लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकांत ते छापू.